कोरा परकर

एका राज्यात वैशाख वद्य प्रतिपदेला सकाळी आभाळ स्वच्छ होते, वारा पडलेला होता, आणि त्याच सकाळी राजकन्या पद्मिका दिसेनाशी झाली.

त्या राज्याची नदी कपाली नावाच्या मांत्रिकाने तांब्यात भरून नेली होती. तिच्या कोरड्या पात्रात पद्मिकेला एक पेटी सापडली. पेटीत सुती कापडाचा पांढरा परकर होता. त्यावर ना बुट्टा, ना काठ. तिने तो नेसला आणि ती त्या कापडासारखीच कोरी झाली; परकर सोडला तरी ती दिसेना. तेव्हा पेटीचे झाकण बोलले, "यावर बुट्टा उठेल तेव्हाच नेसणारी दिसेल. अमावास्येला तिचा आवाजही जाईल."

राजा हेमकेतूने रंगारी बोलावले. कुणी हळद लावली, कुणी लाख लावली. पाणी पडताच सारे रंग निथळून गेले. राजा डोके धरून बसला.

"बाबा, रडू नका," त्याच्या मांडीवरून आवाज आला. "मी इथेच बसले आहे." आवाज कालच्याहून बारीक होता.

मग तुळसा रंगारीण आली. तिने परकर उन्हात धरून पाहिला.

"महाराज, रंगाला धरून ठेवणारं काहीतरी लागतं. हिरडा हवा, तुरटी हवी आणि वाहतं पाणी हवं. तांबड्या रंगाचं मूळ, मंजिष्ठ, माझ्या घरात आहे."

"सेनापतींना पाठवतो."

"लेक सेनापतींची आहे का?"

राजा स्वतः निघाला.

हिरड्याच्या रानात एक साळुंकी राखण करीत होती. "हिरडे ने," ती म्हणाली, "पण मला तुझ्या मुकुटावर बसू दे. मला उंचावरून पाहायची हौस आहे." राजाने मान झुकवली. ती बसली, ती उतरलीच नाही.

पुढे तुरटीचा डोंगर होता. दाढी करताना तिथल्या राक्षसाला कापले होते, म्हणून डोंगराचे एक टोक मोडून तो हनुवटीला लावून बसला होता.

"थोडी तुरटी दे."

"रक्त थांबू दे. तोवर आरसा धर. नीट धर रे, हलवू नकोस!"

राजाने दिवस मावळेपर्यंत ढाल आरशासारखी धरली. राक्षसाने मूठभर तुरटी दिली. त्याच्या मुठीएवढ्या तुरटीने राजाचे पोते भरले.

कपाली गुहेत खजिन्याच्या राशीवर बसला होता. मांडीत तांब्या होता.

"हात लावलास तर दगड होशील."

साळुंकी राजाच्या कानाशी वाकली. "त्याला त्याच्या गेलेल्या बहिणीचं नाव विचार. कुणीच विचारत नाही."

राजाने विचारले.

"सोनकी," तो म्हणाला. "तुझ्या लेकीला सापडलेला परकर तिचाच. तिला त्यावर साळुंक्या हव्या होत्या. मी ठसा कोरला, पण छापायच्या आधीच ती तापाने गेली. या नदीत पट्ट्या भिजवून तिच्या कपाळावर ठेवल्या होत्या. ताप उतरला नाही. म्हणून नदी उचलली."

"तुझ्या सोनकीच्या साळुंक्या मी छापून घेतो. माझी लेक त्या मिरवील."

मांत्रिकाने छातीशी धरलेला लाकडी ठसा काढून दिला. मग तांब्याही दिला. "ओतताना तिचं नाव घे."

राजा परतला तो अमावास्येच्या सकाळी. तुळसाने परकर हिरड्यात भिजवला, वाळवला, डिंकात कालवलेल्या तुरटीने ठसे उठवले. काठाजवळचा शेवटचा ठसा तिने राजाला मारायला लावला. तो ठसा डावीकडे कलला.

ठसे वाळले आणि दिसेनासे झाले.

"तुळसाबाई, यावर काहीच नाही!"

"लेक तरी कुठे दिसते, महाराज? पण आहे ना?"

उत्तर इतके बारीक आले की ते साळुंकीलाच ऐकू गेले. "आहे, म्हणते ती," साळुंकीने सांगितले.

राजाने परकर उचलला आणि तो धुवायला हौदाकडे धावला.

"थांबा!" तुळसा ओरडली. "साचल्या पाण्यात जास्तीची तुरटी सुटून जिथे तिथे बसते. मग बुट्टा उठत नाही, सगळा डाग उठतो. नदी सोडा."

राजाने कोरड्या पात्रात तांब्या उपडा केला. "सोनकी," तो म्हणाला. नदी आली. तो कमरेएवढ्या पाण्यात उतरला आणि त्याने परकराचा घेर प्रवाहात सोडला. कडेच्या उथळ पाण्यात घेराची दुसरी बाजू कुणीतरी धरली. तिथे पाणी दोन इवल्या पायांना वळसा घालून वाहत होते.

"घट्ट धर, पद्मे," राजा म्हणाला.

मग तुळसाने मंजिष्ठाचा हंडा उकळला आणि त्यात परकर सोडला. ती काठीने ढवळत राहिली. हळूहळू कापडावर तांबडी चोच उठली, पंख उठले, शेपटी उठली. मुकुटावरची साळुंकी वाकून हंड्यात पाहू लागली.

परकर वाळताच पद्मिकेने तो नेसला. आधी घोटे दिसले, मग वेणी, मग हसू.

"बाबा, ही साळुंकी वाकडी आहे."

"ती मी छापली."

"मग ती माझी."

सूर्यास्तापूर्वी राजकन्या पूर्ण दिसू लागली. नदी आपल्या पात्रातून वाहू लागली. ठसा कपालीला परत पोचवण्यात आला. काठाजवळची एक साळुंकी डावीकडे झुकलेली राहिली.