न वाजणारी चकली

चिपळूणच्या शर्वरीताई पोंक्षे घरी चकल्या तळायच्या आणि तळतानाचा व्हिडिओ फेसबुकवर टाकायच्या. दिवाळीच्या ऑर्डरी धडाधड येऊ लागल्या, तसे बाजारपेठेतले फराळाचे बडे दुकानदार बापूसाहेब शेट्ये बेचैन झाले. त्यांनी व्हिडिओखाली सगळ्यांना दिसेल असं लिहिलं, ‘हिची चकली खाऊन माझा दात हलला.’

ऑर्डरी थांबल्या. शर्वरीताईंनी मात्र ती कमेंट पुसली नाही. खाली सावकाश लिहिलं, ‘माफ करा, बापूसाहेब. मंडळी, ज्यांचे दात हलत असतील त्यांनी चकली बापूसाहेबांच्या दुकानातूनच घ्यावी. ती दाताखाली अजिबात वाजत नाही.’

गावभर हसू पसरलं आणि ऑर्डरी पुन्हा सुरू झाल्या. संध्याकाळी बापूसाहेबांचा फोन आला, “ते आधी पुसून टाका, बाई.”

“का हो? तुमची फुकटात जाहिरात केलीय.”