आभाळ मोकळं?

एके काळी एका माळावर हलक्या लाकडाची छोटी विमानं उडायची. त्यांची एक रीत होती. आधी "आभाळ मोकळं?" असं ओरडून विचारायचं आणि सगळ्यांनी "मोकळं!" म्हटल्यावरच उडायचं.

त्यातल्या तांबोजी नावाच्या म्हाताऱ्या विमानाच्या घरी एक ड्रोन आला. दोघं माळावर गेल्यावर तांबोजी त्याला म्हणाला, "बाळा, आधी विचार."

"मला कॅमेरा आहे, आजोबा. विचारायचं कशाला?" असं म्हणत ड्रोन थेट ढगांत घुसला आणि रुग्णाला नेणाऱ्या हेलिकॉप्टरला आडवा गेला. हेलिकॉप्टर कसंबसं वाचलं.

दुसऱ्या दिवशी माळावर पाटी लागली. उडायला बंदी, सगळ्यांनाच.

आता दोघंही अडगळीच्या खोलीत धूळ खात पडलेत. तांबोजी सवयीनं अजून विचारतो, "आभाळ मोकळं?"

"मोकळं," ड्रोन हळूच म्हणतो. "अगदी मोकळं, आजोबा."