घूघू वैद्यांचा पहिला प्रश्न

माणसाने घड्याळ करायच्या कितीतरी आधी एका देवराईत घूघू नावाचे घुबड वैद्यकी करत असे. दवाखाना अंधार पडू लागला की उघडायचा आणि औषध वैद्यांच्या समोरच खावे लागायचे.

झुमरी खार अशक्त झाली होती, म्हणून वैद्यांनी तिला तरतरीची मुळी सुरू केली. पण ती खाल्ली की रात्रभर तिचे काळीज धडधडायचे, डोळ्याला डोळा लागायचा नाही. सकाळी उडी मारताना पाय चुकून ती ओढ्यात पडता पडता वाचली.

"वैद्यबुवा, मुळी घरी द्या. मी उठल्यावर खाईन."

"वा गं शहाणे! हीच मुळी खाऊन ते वटवाघूळ बघ कसं भरारतंय!"

"त्याचा दिवस आत्ता सुरू होतोय. माझा संपलाय!"

"औषधाला काय दिवस नि काय रात्र!"

दुसऱ्या दिवशी भर दुपारी झुमरीने घोरणाऱ्या वैद्यांना गदागदा हलवून उठवले. "दिवसरात्र सारखीच ना? मग खा तुमची मुळी!"

वैद्यही हट्टी. त्यांनी ती करकरा चावली.

संध्याकाळी वैद्य लाल डोळ्यांनी वटवाघळाला खार समजून त्याची शेपूट शोधत बसले. सगळी देवराई खो खो हसली, शेवटी वैद्यही हसले. त्यांनी झुमरीला पळसाच्या पानात मुळी बांधून दिली.

झुमरी आता ओढा एका उडीत ओलांडते. आणि वैद्य जीभ बघण्याआधी प्रत्येकाला विचारतात, "बाळा, तुझं कधी उजाडतं?"