हरणीचा मागचा पाय

"हातात जोर आहे का तुमच्या?"

हिंदुराव वस्तादांनी उंबऱ्यातूनच विचारलं. नमस्कार नाही की चमत्कार नाही.

गावाबाहेरच्या तकियात म्हातारे कासमबाबा एका शेळीच्या मुरगळलेल्या पायाला तेल लावत बसले होते. फकीर माणूस, तो तकियाच त्यांचं घर. त्यांनी मान वर करून वस्तादांकडं पाहिलं, वस्तादांच्या कवेतल्या कुत्रीकडं पाहिलं, आणि पुन्हा शेळीकडं वळले.

"बसा," म्हणाले.

कुत्रीचं नाव हरणी. शिकारी जातीची, काटक, लांब पायांची. एके काळी सशाला पळता भुई थोडी करायची. विहिरीच्या कठड्यावरून पडली, पाठीला मार बसला आणि मागचे दोन्ही पाय गेले. जनावरांच्या डॉक्टरानं त्याचं काम केलं आणि सांगितलं, आता चोळून, हलवून पाय जागे करणारं माणूस बघा.

वस्तादांनी माणूस बघितलं ते तालमीच्या रीतीनं. तालमीत पोरगं कण्हलं की त्याला जास्तच रगडायचं. तिथं कण्हणं म्हणजे अंगचोरपणा. म्हणून जो येईल त्याच्यापुढं वस्ताद आपला दंड धरायचे, दाबून दाखव म्हणायचे. तालुक्याच्या दवाखान्यातली एक बाई आली. ती हरणीच्या पायावर नुसता तळवा ठेवून बसायची. ही काय बारशाला आलीय का, म्हणून वस्तादांनी तिला चहा पाजून वाटेला लावलं. मग एकेक दणकट हाताचे आले. हरणी केकाटायची. वस्ताद स्वतः तिचं तोंड दाबून धरायचे आणि त्या माणसाला म्हणायचे, आणखी... आणखी.

हे सगळं त्यांनी बाबांना मोठ्या अभिमानानं सांगितलं. कसूर म्हणून केली नाही, म्हणाले. मालकीण गेल्यापासून घरात वाट बघणारी ही एवढीच. पण आता ती अन्नाला तोंड लावत नाही. थोरला मुलगा म्हणतो, सुई द्या आणि सुटका करा तिची.



"तुम्ही शेवटचे," वस्ताद म्हणाले. "तुमच्यानं नाही झालं, तर उद्या सुई."

बाबांनी शेळीचा पाय मांडीवरून खाली ठेवला. फडक्याला हात पुसले. वस्तादांनी सवयीनं दंड पुढं केला, तो त्यांनी बघितलाच नाही. गोणपाट अंथरलं, हरणीला कुशीवर निजवलं आणि वस्तादांना लांब भिंतीशी बसायला सांगितलं.

"तोंड धरतो की तिचं. चावेल."

"चावू द्या."

बाबांनी तिच्या मागच्या पायावर हात ठेवला. नुसता ठेवला...

हरणी आधी थरथरली. वाट बघत राहिली, आता दुखेल, मग दुखेल. दुखलं नाही. बऱ्याच वेळानं तिनं डोळे मिटले आणि मोठा सुस्कारा टाकला. असा सुस्कारा वस्तादांनी कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता.

"या," बाबा हळूच म्हणाले. "आता तुम्ही धरा."

वस्ताद सरकत पुढं आले. त्या राकट हातात त्यांनी तिचं पाऊल घेतलं. पाखराचं पिल्लू उचलावं तसं, अगदी हलकं.

हरणीनं डोळे उघडले. मान वळवली. हात कुणाचा ते पाहिलं...

आणि पाय ओढून घेतला.

"हलला," वस्ताद म्हणाले. "बाबा, पाय हलला."

डोळ्यांत पाणी आलं, तोंडावर हसू आलं. त्यांनी घाईनं पुन्हा पाऊल धरलं. तिनं पुन्हा ओढलं. मग पुढच्या पायांवर अंग खेचत, मागचे पाय कसेबसे रेटत, ती गोणपाटावरून खाली गेली, कोपऱ्यात तोंड खुपसून पडली आणि कापत राहिली.

वस्तादांनी हाक मारली. ज्या हाकेला ती पूर्वी शिवारातून धावत यायची, तीच.

तिनं कान पाडले. वळली नाही.

वस्तादांचं हसू विझलं. पुढं केलेला हात तसाच राहिला, उघडा.

"चालेल का ही?" शेवटी त्यांनी विचारलं. आवाज तालमीतला नव्हता.

बाबांनी शेळीचा पाय पुन्हा मांडीवर घेतला.

"चालेल," म्हणाले. "त्या दिवशी ती निघाली, तर दार उघडं ठेवाल का, वस्ताद?"