निकालाआधीचे पेढे

“…आणि रंगनाथनं फोडला नसेल, तर मग निकाल फोडला कुणी?”

जमालशा फकीर चिमट्यानं धुनीतली राख बाजूला सारत राहिला.

विचारणारे होते न्यायमूर्ती दिगंबर मोकाशी. हायकोर्टाचे न्यायाधीश. गावाबाहेरच्या त्या तकियापर्यंत, फकिराच्या मठीपर्यंत, ते पायी आले होते. गाडी मुद्दाम लांब, बाभळीच्या आडोशाला उभी केलेली. आपल्याला कुणी पाहिलं तर नाही ना, म्हणून वाटेत सारखे मागे वळून बघत होते. चोराच्या वाटा चोराला ठाऊक असतात म्हणतात, पण न्यायाधीशालाही त्या बऱ्यापैकी जमतात.

“चहा टाकू?” फकिरानं विचारलं.

“नको. मी कुणाकडे काही घेत नाही.”

“पाणी?”

“तेही नाही.”

फकिरानं मान डोलावली. साहेबांनी बसायच्या आधी अंथरलेली सतरंजी बोटांनी चाचपून पाहिली.

“नवी दिसते. कुणी दिली?”

“ठाऊक नाही. सकाळी उठलो, तर दारात होती.”

“असं कुणी फुकट देतं होय?”

“मलाही तोच संशय आहे,” फकीर म्हणाला. “म्हणून मी जमिनीवर बसतो.”

साहेब हसले नाहीत. अशा जागी हसू नये, हसलं की माणूस सैल पडतो, असा त्यांचा अनुभव होता.

ते सांगू लागले. तालुक्याच्या कोर्टात पहिल्यांदा खुर्चीवर बसले तेव्हापासून त्यांनी कुणाच्या घरचा चहा घेतला नव्हता. लग्नाला गेले तर अक्षता टाकून उपाशी परतले. सख्ख्या मेहुण्याचा दावा समोर आला, तेव्हा तो दुसऱ्या कोर्टाकडे पाठवला आणि त्या दिवाळीला मेहुण्याला भाऊबीजेच्या पंगतीतून उठवलं. बायको आजतागायत ते विसरलेली नाही. जिल्हा कोर्टातून ते हायकोर्टात आले ते याच नावावर. मोकाशींना कुणी विकत घेऊ शकत नाही.

“आणि आता माझ्या कोर्टाबाहेर निकालाआधी पेढे वाटतात.”

“आधी?”

“आधी. मी आत निकाल वाचायला बसतो आणि बाहेर व्हरांड्यात एका बाजूचे लोक पेढ्यांचे पुडे घेऊन उभे असतात. गेल्या महिन्यात तर एकानं माझ्या ड्रायव्हरलाच पेढा दिला. निकाल तोवर सुनावलाही नव्हता!”

साहेबांचा आवाज चढला. ते आतून पोळले होते, आणि ते लपत नव्हतं.

“निकाल मी स्वतःच्या हातानं लिहितो. टायपिस्टकडे शेवटच्या सकाळी देतो, आणि पेढे तर आदल्या दिवशीच सांगून ठेवलेले असतात. कपाटाची किल्ली माझ्या जानव्याला. चेंबरमध्ये येतो एकच माणूस. माझा चोपदार, रंगनाथ इंगोले. माझ्यापुढे दंड घेऊन चालतो, खुर्ची ओढतो, पाणी ठेवतो. इतकी वर्षं मी त्याला घरचा मानला… सोमवारी चौकशी आहे. मी एक शब्द बोललो की त्याची नोकरी जाईल, पेन्शन जाईल. आणि बोलणार आहे मी.”

“मग इकडं कशाला आलात?”

“तो पाया पडून म्हणाला, जमालशाबाबांच्या धुनीची शपथ, मी काही केलं नाही. शपथा मी रोज ऐकतो. गीतेवर हात ठेवून माणसं सख्ख्या भावाला ओळखत नाहीत. म्हटलं, ही धुनी तरी बघून येऊ.”

“बघितली?”

“बघितली. राखच आहे.”

“राखच असते,” फकीर म्हणाला.

साहेब थोडे पुढे झुकले. साक्षीदार कचरला की ते असेच झुकत.

“तो इथं येतो?”

“दर गुरुवारी.”

“म्हणजे तुम्ही त्याच्या बाजूचे.”

“तुम्हीही आज आलात. आज गुरुवारच आहे.”

“त्यानं तुम्हाला पढवून ठेवलंय. काय बोलायचं ते.”

“असेल,” फकीर म्हणाला. “पढवलेलं तरी ऐकाल?”

साहेबांची मान ताठ झाली. “माझ्यासमोर आलेल्या प्रत्येकाचं मी ऐकतो. दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय मी आजवर ओळ लिहिलेली नाही. बोला.”

फकिरानं चिमटा खाली ठेवला.

“गेल्या गुरुवारी रंगनाथ इथं आला. तुम्ही बसलात तिथंच बसला. जेवला नाही. म्हणाला, बाबा, साहेबांचा माझ्यावर संशय आहे. मी विचारलं, संशय खरा आहे का? तर बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, फोडलं तर मी काहीच नाही, पण मला एक गोष्ट…”

‘बराच वेळ गप्प बसला’ हे शब्द साहेबांच्या कानावर पडले आणि त्यांनी हलकेच श्वास सोडला. चष्मा काढला. रुमालानं दोन्ही काचा पुसल्या, डबीत ठेवला. डबी टक्कन मिटली.

फकीर मधेच थांबला.

उठला, कफनी झटकली आणि कोपऱ्यातला झाडू घेऊन अंगण झाडायला लागला.

साहेब बघत राहिले.

“थांबलात का? पुढे बोला.”

“आता कशाला?”

“का?”

“निकाल लागला ना.”

“मी कुठं निकाल दिला?”

“रंगनाथ दोषी,” फकीर झाडता झाडता म्हणाला. “पेढे मागवू?”

साहेबांचा चेहरा उतरला. कारण मनात नेमकं तेच होतं. जो बराच वेळ गप्प बसतो तो दोषी, हे त्यांचं कधीचं ठरलेलं होतं.

“हे तुम्हाला… रंगनाथनं सांगितलं?”

“काय?”

“माझ्या मनातलं.”

“दुकानदारानं तागडी उचलून आत ठेवली, की गिऱ्हाईक काय ते समजतं. त्याला कुणी सांगावं लागतं?”

साहेबांचा हात डबीवर गेला आणि तिथंच राहिला.

कितीतरी वकील त्यांच्या डोळ्यांपुढे आले. भर वाक्यात अडखळलेले. टेबलावरच्या मिटलेल्या डबीकडे एक नजर टाकून, “इतकंच म्हणणं आहे, मिलॉर्ड,” म्हणत मटकन खाली बसलेले. आणि पलीकडचा वकील पक्षकाराकडे वळून हळूच हसलेला. मोकाशींच्या कोर्टात फालतू बोललेलं चालत नाही, असं बारमध्ये सगळे म्हणायचे. साहेबांना त्याचा केवढा अभिमान होता! हा आपला दरारा, असं ते घरी सांगत.

साहेबांनी डबी उचलून मुठीत धरली.

“म्हणजे तो निर्दोष आहे,” साहेब शेवटी म्हणाले. “रंगनाथनं काही केलं नाही. फोडत होतो तो मीच. ठीक आहे. सोमवारी तसं सांगतो आणि मोकळा होतो.”

फकिराचा झाडू थांबला.

“लागला दुसरा निकाल.”

“म्हणजे?”

“त्याचं वाक्य अजून अर्धंच आहे, साहेब. तुम्ही त्याला मघाशी अर्ध्यात दोषी ठरवलंत, आता अर्ध्यात सोडून देताय.”

“म्हणजे त्यानं केलं असेल?”

“मला काय ठाऊक? त्याला विचारा.”

साहेबांनी डबी उघडली. चष्मा घाईनं लावला, एक काडी कानावरून निसटली. तशीच वाकडी राहिली.

“मी त्याच्या घरी जातो,” ते म्हणाले. “आत्ता. तो सांगेल ते शेवटपर्यंत ऐकतो. मग काय करायचं ते सोमवारी बघू.”

“चहा देईल तो.”

साहेब क्षणभर घुटमळले. “घेईन.”

ते दारापर्यंत गेले. तिथून परत वळले. या वेळी मागे कुणी आहे का ते बघायला नव्हे.

“बाबा, एका रंगनाथचं ऐकेन मी. पण इतक्या वर्षांत… ते बाकीचे? त्यांचे निकाल लागून गेले. फायली बंद झाल्या. कुणी तुरुंगात गेला, कुणाचं घर गेलं. त्यांचं आता काय ऐकायचं?”

फकिरानं झाडू भिंतीला टेकवला.

“साहेब, ज्यांना तुम्ही अर्ध्यावर खाली बसवलंत ना… ते सगळे अजून उभेच आहेत.”