तिरडीच्या रुंदीचा बोळ

भुसार पेठेत शाळा बघायला आलात ना? मग आधी हा बोळ बघा. डावीकडे वरची शाळा, उजवीकडे खालची, दोन्ही चार-चार मजली. इथल्या जमिनीला सोन्याचा भाव. तरी दोघींच्या भिंती बोळापासून हात-दोन हात मागे आहेत आणि मधली पट्टी कोणी घेत नाही.

पूर्वी इथून बैलगाडी जायची, असे सांगतात. मग वरच्या शाळेच्या दादासाहेब निकुंभांनी प्रयोगशाळा वाढवली. खालच्या शाळेचे अण्णासाहेब पाठारे गप्प बसतील होय? त्यांनी सभागृह काढलं. दर मे महिन्याच्या सुट्टीत कुणाची तरी भिंत हातभर पुढे यायची. या चढाओढीत बोळ इतका आवळला, की माणसानं अंग चोरून जावं.

बोळाच्या आतल्या, बंद टोकाला पार्वताबाई खडके राहायची; बाहेर पडायला हीच एक वाट. तिचा नवरा एकनाथ बाजारात धान्य मापायचा. दोन्ही शाळा तिच्या घराची जागा मागायच्या. ती हसून म्हणायची, "आमचं आटोपू द्या, मग घ्या." एका माघात एकनाथच आटोपला.

तिरडी बांधली, आणि ती बोळात शिरेना. तिरपी करून पाहिली, कशीच जाईना. पार्वताबाई दादासाहेबांच्या पाया पडली. ते म्हणाले, "बाई, आधी पाठाऱ्यांनी भिंत पाडावी, मग मी." पाठारे म्हणाले, "निकुंभांची पहिली वीट पडू दे." ऊन चढलं. शेवटी पुतण्यानं एकनाथला चादरीत बांधून पाठीवर घेतलं आणि ज्वारीच्या पोत्यासारखं बाहेर नेलं. काय म्हणावं या माणसांना!

पार्वताबाईला रडूही आलं नाही म्हणे. माझ्या माणसाला चार खांदे मिळाले नाहीत, एवढंच तिच्या छातीत रुतून बसलं. उंबऱ्याशी बसून ती म्हणाली, "आता मी निघेन ती चार खांद्यांवर. तोवर उंबरा ओलांडणार नाही. आणि मेल्यावर मला जो पाठीवर घेईल, त्याचा वंश बुडेल."

शेजारणी भाकरी आणून द्यायच्या, ती आत बसून खायची. ऐन प्रवेशाच्या दिवसांत, वैशाखात, ती गेली. शपथ सगळ्या पेठेला ठाऊक होती. पुतण्यासुद्धा प्रेताला हात लावेना. एक दिवस गेला, दुसरा उजाडला. अर्ज घ्यायला आलेले आईबाप नाकाला पदर-रुमाल लावून माघारी फिरू लागले. तेव्हा कुठे निकुंभांनी आणि पाठाऱ्यांनी पहारी मागवल्या. लाज वाटून नव्हे हो, वर्ग ओस पडतील म्हणून! दुपारपर्यंत दोन्ही भिंती आडव्या झाल्या. पेठेनं पुढचे दोन खांदे त्या दोघांनाच द्यायला लावले. बाई काटकुळी, पण तिरडी अशी जड झाली म्हणे, की दोघांचेही ते खांदे मरेपर्यंत झुकलेलेच राहिले.

आजही जूनमध्ये शाळा उघडायच्या आदल्या दिवशी दोन्ही मुख्याध्यापक पुढे आणि दोन शिपाई मागे, अशी रिकामी तिरडी या बोळातून नेतात. ती कुठे घासली नाही, तरच शाळा उघडते. गेल्या साली खालच्या शाळेच्या नव्या पायरीला बांबू लागला. सूर्य मावळायच्या आत पायरी फोडली. दुसऱ्या दिवशी पहिलीची पोरं खडीवरून वर्गात गेली.