पवळीची वाट

फार फार वर्षांपूर्वी, गाई माणसांशी बोलत आणि माणसांना ते ऐकायला सवडही असे, तेव्हाची ही गोष्ट.

नदीकाठी एक गाव होतं. एका वर्षी पुराने ते धुऊन नेलं. गावाचा पाटील तरुण आणि मोठा हौशी. त्याने टेकडीवर नवं गाव वसवलं. सरळ गल्ल्या, दगडी गोठे, भक्कम कवाडं. बघत राहावं असं गाव!

पण रोज संध्याकाळी एक पंचाईत होई. रानातून परतताना गुरं टेकडी चढतच नसत. म्हातारी पवळी गाय पुढे, बाकीची मागे, अशी ती थेट नदीकाठच्या ओसाड जागी जात आणि जुन्या चिंचेखाली रवंथ करत बसत.

मग सारं गाव त्यांना आणायला खाली उतरे.

पाटलाने वाटेवर काटेरी कुंपण घातलं. गुरांनी वळसा घेतला. त्याने पवळीच्या गळ्यात लाकडी लोढणं अडकवलं. ते पायांत खडखडवत ती डुलत डुलत खालीच गेली.

"अरे पाटला, लोढणं तिला दागिन्यासारखं शोभतंय!" कुंभारीण म्हणाली, आणि चिंचेखाली हशा पिकला.

पाटील मात्र हसला नाही. पावसाळा तोंडावर आला होता. नदी पुन्हा चढली, तर याच जागी सगळी गुरं वाहून जाणार होती.

तो पवळीसमोर बसला. "का गं छळतेस? वर एवढा सुरेख गोठा बांधलाय. तुला आपलं घर कळत नाही का?"

"कळतं की," पवळी म्हणाली. "वर तुम्ही आम्हाला बांधता, कवाड लावता आणि आपापल्या दाराआड जाता. इथे आम्हाला शोधत येता, नावाने हाका मारता, गळ्याखाली खाजवता. आम्ही जागेपाशी नाही येत, पाटील. तुम्ही येता, तिथे येतो."

पाटलाने वळून पाहिलं. कुंभारीण आणि तेलीण एकमेकींच्या कानाला लागल्या होत्या. म्हातारे पाय पसरून गप्पा मारत होते. टेकडीवरच्या सरळ गल्ल्यांत त्याने असं हसणं एकदाही ऐकलं नव्हतं. त्याने पवळीचं लोढणं सोडलं.

दुसऱ्या दिवशी दुपारपासून नदीच्या वरच्या अंगाला काळंकुट्ट आभाळ दाटलं. पाटील घरोघर फिरला. "आज कोणीही खाली उतरायचं नाही. सगळ्यांनी वेशीत उभं राहायचं."

"आणि गुरं नाही आली तर?" तेलीण म्हणाली. पाटील पुढच्या घराकडे निघाला.

दिवस कलला. टेकडीखालच्या फाट्यावर धूळ उडाली. पवळी आली, थांबली आणि सवयीने नदीकडे वळली.

"मोरेऽऽ!" तेलीण ओरडली. "ढवळेऽऽ! बांडेऽऽ!" एकेक नाव टेकडीवरून घरंगळत खाली निघालं. पाटील मात्र लाजून मागेच उभा होता.

"तू पण मार की हाक!" कुंभारीण म्हणाली. "फार तर काय, गाय बिचकेल!"

पाटलाने डोळे मिटले आणि छाती फुटेस्तोवर हाक मारली, "पवळेऽऽ! ये गं बाई, घरी ये!"

पवळीचे कान उभे राहिले. ती वळली आणि टेकडी चढू लागली. मागोमाग सारा कळप घंटा वाजवत निघाला. वेशीत पोचताच तिने पाटलापुढे मान उंच केली. पाटील खाजवत राहिला. त्या संध्याकाळी कोणी कवाड लावलं नाही. सगळं गाव गल्लीतच जेवलं.

सकाळी लोकांनी खाली पाहिलं. चिंचेचा फक्त शेंडा पाण्यावर दिसत होता. आणि वर, दगडी गोठ्यात, पवळी निवांत रवंथ करत होती.

तेव्हापासून त्या गावात दिवस कलला की सगळे वेशीत जमतात आणि हाका मारतात. गुरं येतात, आणि दूर देशी गेलेली माणसंही.

तात्पर्य : घर भिंतींनी बांधून होत नाही, परत येणाऱ्याची वाट पाहणारं कोणी असेल, तरच ते घर होतं.